समासातले आकडे

सहामाही परीक्षेचे नववीचे विज्ञानाचे पेपर तपासताना एका उत्तरपत्रिकेच्या समासात मला पेन्सिलीने लिहिलेले बारीक आकडे दिसले. जिथे एकेक उत्तर संपत होते तिथे, डाव्या बाजूला, सहजासहजी नजरेत येऊ नयेत इतक्या फिकट अक्षरांत ते होते: २, ३, १, पुन्हा २, एका ठिकाणी अडीच. समासातली कोणतीही अनोळखी खूण शिक्षकाला आधी सावध करते. प्रश्नांचे क्रमांक असावेत म्हणून मी ते जुळवून पाहिले, पण जुळेनात. मग लक्षात आले की माझ्या लाल शाईच्या आकड्यांशी मात्र ते बऱ्याच ठिकाणी जुळत आहेत. 'शास्त्रीय कारणे लिहा' या प्रश्नात त्या मुलीने जवळजवळ अर्धे पान भरून लिहिले होते आणि एवढ्या मजकुराशेजारी स्वतःच '१' हा आकडा टाकला होता. मीही एकच गुण दिला होता, कारण त्या अर्ध्या पानात जडत्वाचे नाव होते, पण विचारलेले कारण नव्हते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमावरच्या उत्तराला तिचे तीन होते आणि माझेही तीन. फरक स्पष्ट करण्याच्या प्रश्नात मात्र आमचे जुळले नव्हते. तिचा अंदाज तीनचा होता, आणि तिचा तिसरा मुद्दा पहिल्याचीच पुनरुक्ती असल्याने मी दोन दिले होते.

शिक्षक-कक्षात शेजारी बसलेल्या सरांना मी तो पेपर दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, उत्तरपत्रिकेत उत्तराखेरीज काही लिहायचं नसतं, हे तिला आत्ताच सांगून ठेवा. पुढच्या वर्षी बोर्डाला असं केलं तर अडचण होईल." त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते, आणि मी ते तिला सांगितलेही. मधल्या सुट्टीत बोलावल्यावर ती घाबरतच आली. हाताला डब्यातल्या लोणच्याचा वास होता आणि तो हात ती सारखा ओढणीला पुसत होती. हे आकडे कशाचे, असे विचारल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, ऊस भरून झाला की ट्रॉली काट्यावर न्यायच्या आधी पप्पा सांगतात, इतके टन भरेल. मग पावती बघतात. कधी जुळतं, कधी नाही. मी पण तसंच करते." आणि जुळले नाही तर, असे मी विचारले. "मग परत वाचते, का नाही जुळलं ते."

आमचा सगळा भाग उसाचा आहे. दिवाळी झाली की कारखान्याचा भोंगा, मळीचा जड वास आणि रस्त्याने गाणी लावून जाणारे ट्रॅक्टर यांच्या सोबतीने आमचे दुसरे सत्र चालते. ज्या शेतकऱ्याला स्वतःच्या मालाचा अंदाज नाही, त्याला पावतीवरचा आकडा निमूटपणे घ्यावा लागतो, हे इथे कुणाला समजावून द्यावे लागत नाही. त्या मुलीने घरातली ही रीत कुणीही न सांगता आपल्या अभ्यासाला लावली होती, आणि ती लपवून ठेवण्यासारखी आहे असे तिला वाटत होते. तिच्या त्या फिकट अक्षरांनीच मला पुढे बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

पेपर वाटले त्या दिवशी वर्गात जे घडले ते दरवर्षी घडते. प्रत्येकाने पहिल्या पानावरचा एकूण आकडा पाहिला, मग घाईने बेरीज तपासली, कारण बेरजेत अर्धा गुण सुटलेला सापडला तर तो मागून घेता येतो. मग शेजाऱ्याचा आकडा पाहिला, आणि पेपर चार घड्या होऊन दप्तरात गेला. ज्या उत्तराला पाचपैकी दोन मिळाले त्यातले तीन कुठे गेले, हे पाहायला फारसे कुणी थांबले नाही. यात मुलांचा आळस नाही. आकडा बाहेरून येतो, तो बदलता येत नाही आणि त्याच्याशी आपला संबंध फक्त आनंदाचा किंवा लाजेचा असतो, हे ती पहिलीपासून शिकत आलेली आहेत. त्या गडबडीत एक मुलगी तेवढी पेन्सिल हातात धरून स्वतःचीच उत्तरे पहिल्यापासून वाचत होती.

आपल्याला काय येते आणि काय येत नाही, हे ठरवायचे कुणी?

माझ्या लहानपणी घरात हे ठरवणारे माणूस ठरलेले होते. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला, शुभंकरोती झाली, की आजोबा पाढे विचारायला बसत. ओळीने म्हणून दाखवण्यात त्यांना रस नव्हता. ते मधूनच विचारत, "सात आठे? तेरा सक?" आणि उत्तर यायला क्षणभर उशीर झाला तर पुढे न जाता थोड्या वेळाने तोच प्रश्न वेगळ्या वळणाने पुन्हा विचारत. उदबत्तीचा वास, स्वयंपाकघरातून येणारा भाकरी थापल्याचा आवाज आणि पोटात उठलेली ती बारीकशी भीती, हे सगळे एकत्रच आठवते. घोकंपट्टीला आज आपण सरसकट नावे ठेवतो, आणि अर्थ न कळता पाठ करण्याविरुद्ध मीही वर्गात बोलते. परंतु त्या पद्धतीत एक गोष्ट मोलाची होती, ती म्हणजे पुस्तक मिटून म्हणून दाखवणे. म्हणून दाखवताना जे अडते ते आपल्याला येत नाही, हे मुलाला त्याच क्षणी, स्वतःच्या तोंडून कळत असे.

हायस्कुलात गेल्यावर हा विचारणारा माणूस घरातून नाहीसा होतो. धाराविद्युत किंवा आम्ल-आम्लारी यांतले काय विचारायचे हे आजोबांना ठाऊक नसते. पुष्कळ घरांत आईवडिलांनाही ठाऊक नसते. घरातली माणसे मग "अभ्यास झाला का?" एवढेच विचारू शकतात, आणि त्याला "झाला" हे उत्तर देता येते. आठवी-नववी-दहावीच्या या वयात मुलाने स्वतःचा विचारणारा स्वतःच व्हायचे असते. या बदलाविषयी त्याच्याशी कुणी बोलत नाही. पुस्तके जाड होतात, विषय वाढतात, पहाटे उठवणारे गजर लागतात. पुस्तक मिटून स्वतःला काय विचारावे, उत्तर आले नाही तर पुढे काय करावे, हे मात्र त्याच्या वेळापत्रकात कोणत्याच तासाला नसते.

मी वर्गात एकदा विचारले की घरी अभ्यास कसा करता, नेमके काय करता ते सांगा. उत्तरे अगदी प्रामाणिक होती. "वाचतो." "दोनदा वाचते." "महत्त्वाचं असेल त्याच्याखाली रेघ मारते." "गाईडमधली उत्तरं वहीत उतरवतो." एक मुलगा म्हणाला, "मोठ्यानं वाचतो, म्हणजे आईला ऐकू जातं." वर्ग हसला. पण त्याने खरे तेच सांगितले होते. त्याचा अभ्यास त्याच्या आईला अभ्यास वाटावा यासाठी चालला होता, आणि भिंतीपलीकडून येणारा तो एकसुरी आवाज थांबला नाही तोवर तिलाही बरे वाटत होते.

शैक्षणिक मानसशास्त्रात ज्याला स्वयंनियमित अध्ययन म्हणतात, म्हणजे आपल्या शिकण्याची आखणी, देखरेख आणि तपासणी आपणच करणे, त्याचा अभ्यास अशाच साध्या प्रश्नांपासून पुढे गेला आहे. अमेरिकेत बॅरी झिमरमन आणि मॅन्युएल मार्टिनेझ-पॉन्स या दोघांनी १९८६ मध्ये दहावीतल्या ८० विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतले निम्मे वरच्या तुकडीतले होते, निम्मे खालच्या तुकड्यांतले. चाचणीची तयारी कशी करता, गृहपाठ करताना अडले तर काय करता, अभ्यासाची इच्छाच होत नाही तेव्हा काय करता, असे ते प्रश्न होते. उत्तरांतून त्यांनी १४ प्रकारच्या सवयी वेगळ्या केल्या: ध्येय ठरवणे, नोंद ठेवणे, जागा बदलणे, माहिती आपल्या पद्धतीने मांडणे, मदत मागणे, स्वतःचे काम तपासणे वगैरे. केवळ या उत्तरांवरून कोणता विद्यार्थी कोणत्या तुकडीतला हे त्यांना ९३ टक्के अचूकतेने सांगता आले. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा थबकले, कारण आमच्याकडे पालकसभेत मुलाविषयी बोलताना 'डोके आहे' किंवा 'डोके नाही' यापलीकडे आपण फारसे जात नाही. झिमरमन यांनी पुढे या सवयींची साखळी मांडली: आधी ठरवणे, मग करताना स्वतःकडे लक्ष ठेवणे, आणि झाल्यावर मागे वळून पाहून पुढचे ठरवणे. यातला पहिला आणि तिसरा टप्पा आपण मुलांच्या हातून जवळजवळ पूर्णपणे काढून घेतला आहे. काय करायचे ते शिक्षक किंवा क्लासचे सर ठरवतात, कसे झाले ते लाल शाई सांगते. मुलाच्या वाट्याला उरते ते मधले करणे, आणि तेवढ्याच कामात त्याचे मन लागत नाही म्हणून आपण तक्रार करतो.

पुस्तक मिटण्याविषयी आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पाच-पाच मिनिटांच्या चारही पाळ्यांत फक्त वाचला. दुसऱ्या गटाने एका पाळीत वाचला आणि उरलेल्या तीन पाळ्यांत उतारा न पाहता आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते आणि लिहून काढणाऱ्यांकडे ६१ टक्के. मला यात सर्वांत बोलके वाटते ते असे की हे आपल्या लक्षात राहणार, असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. डोळ्यांखालून पुन्हा पुन्हा गेलेला मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीचा झाला म्हणजे आपल्याला आला असे वाटते. परीक्षेनंतर फाटकापाशी रडणाऱ्या मुली "मॅडम, सगळं वाचलं होतं हो" असे म्हणतात तेव्हा त्या खोटे बोलत नसतात. त्यांनी खरोखरच वाचलेले असते, आणि त्यांच्या त्या विश्वासाला परीक्षेच्या आधी कधी धक्का लागलेला नसतो.

वर्गात मन लागणे म्हणजे काय, याविषयीही माझ्या मनात बराच गोंधळ होता. आमच्या शाळेत, आणि मला वाटते बहुतेक शाळांत, शांत वर्ग चांगला समजला जातो. मुले फळ्यावरचे उत्तर सुवाच्य अक्षरात उतरवून घेत आहेत, समासाची रेघ सरळ आहे, वह्या पूर्ण आहेत, हे पाहून तपासणीला आलेले अधिकारीही समाधानाने मान हलवतात. फ्रेड्रिक्स, ब्लूमेनफेल्ड आणि पॅरिस यांनी २००४ मध्ये या विषयाचा मोठा आढावा घेतला तेव्हा त्यांनी सहभागाचे तीन धागे वेगळे केले: वागण्यातला, भावनेतला आणि विचारातला. माझ्या तासाला यांतला पहिला भरपूर असतो. वह्या तपासताना एकदा मी फळ्यावर लिहिताना सुटलेला एक शब्द सगळ्या वर्गाच्या वह्यांत तसाच सुटलेला पाहिला; वाक्य अर्थहीन झाले होते आणि कुणालाही ते खटकले नव्हते. सगळे हात चालू होते. दहावीला वीस गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते, त्यासाठीची प्रयोगवहीही पुष्कळदा अशीच, कुणाच्या तरी जुन्या वहीवरून, सुरेख आकृत्यांसह उतरवली जाते. त्या आकृत्यांवर मुले किती मेहनत घेतात हे मी जाणते. रात्री उशिरापर्यंत जागून, एच-बी पेन्सिलीला पुन्हा पुन्हा टोक काढून त्या काढलेल्या असतात. म्हणूनच ती मेहनत पाहताना मन विषण्ण होते. कष्ट करण्याची तयारी मुलांकडे आहे, आणि आपण ते कष्ट अशा ठिकाणी लावून घेतो जिथे त्यांना स्वतःचा एकही निर्णय घ्यावा लागत नाही.

या जागी कुणीही लातूर पॅटर्नचा विषय काढील, आणि तो काढायलाच हवा. सततचा सराव, चाचणीमागून चाचणी, उत्तर तपासून लगेच परत देणे, ठरलेल्या वेळी ठरलेल्या बाकावर बसणे, या पद्धतीने मराठवाड्यातल्या साध्या घरांतली असंख्य मुले वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत पोचली. ज्यांच्या घरी अभ्यासाला कोपरा नव्हता आणि विचारायला माणूस नव्हते, त्यांना त्या पद्धतीने दोन्ही दिले. वर सांगितलेल्या प्रयोगाच्या निकषावर पाहिले तर त्या चाचण्यांनी मुलांना पुस्तक मिटायला लावले, आणि ते योग्यच होते. या पद्धतीची टिंगल करणे मला मुळीच मान्य नाही. माझे मन साशंक होते ते त्यानंतरच्या टप्प्याविषयी. माझी एक जुनी विद्यार्थिनी दहावीनंतर मोठ्या शहरात अशाच एका कडक क्लासला राहिली, उत्तम गुण मिळवून महाविद्यालयात गेली आणि पहिल्या वर्षी मला फोन करून म्हणाली, "मॅडम, इथं कुणी काही सांगतच नाही. आज काय वाचायचं तेच कळत नाही." तिच्या आवाजात थकवा नव्हता, हरवल्याचा भाव होता. इतकी वर्षे तिच्या दिवसाचा प्रत्येक तास दुसऱ्या कुणीतरी आखलेला होता आणि तो तिने विनातक्रार पाळला होता. शिस्त तिच्याकडे भरपूर होती. त्या शिस्तीची दोरी मात्र कुणीच तिच्या हाती दिली नव्हती. अगदी हळूहळू का होईना, ती देण्यासाठी आठवी-नववीचे वय योग्य आहे असे मला वाटते, कारण तिथे चुकण्याची किंमत अजून थोडी असते.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही दोरी एका दिवसात सगळ्यांच्याच हाती पडली. पुढच्या वर्षी दहावीची परीक्षा रद्द झाली, नववीच्या गुणांना निम्मे वजन देऊन निकाल लावला गेला आणि तो ९९.९५ टक्के लागला. त्या निकालाविषयी तेव्हा पुष्कळ बोलले गेले. माझ्या लक्षात राहिले ते वेगळेच. फोनवर मुलांशी बोलताना, कोण स्वतःहून शिकत राहिले आणि कोणाचा अभ्यास सुटला, याचा मी अंदाज बांधत असे, आणि तो वर्गातल्या क्रमांकांवरून बांधता येत नव्हता. पहिल्या पाचांतली काही मुले पार विस्कटली. मागच्या बाकावरची एक मुलगी शेळ्या चारायला जाताना पुस्तक घेऊन जात होती आणि एकेका धड्यावर स्वतःच प्रश्न काढून मला फोनवरून ऐकवत होती. परंतु याच काळाने मला एका सोप्या निष्कर्षापासून सावधही केले. ज्या घरात एकच फोन होता आणि तो वडिलांसोबत कामावर जात होता, त्या घरातल्या मुलाच्या आत्मनियमनाविषयी बोलण्याचा अधिकार कुणाला आहे? स्वतःच्या वेळेचे नियोजन करायला आधी स्वतःचा वेळ असावा लागतो.

हे मला दर हंगामात नव्याने कळते. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीसाठी कुटुंबे येतात, कारखान्याच्या आसपास कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात आणि त्यांतली थोडी मुले आमच्या वर्गात येऊन बसतात. थोडीच म्हणते, कारण या वयातली बरीचशी मुले थेट फडात जातात किंवा कोपीवर लहान भावंडे सांभाळतात. गेल्या हंगामात आलेला एक मुलगा पहिल्या तासाला हमखास पेंगत असे. पहाटे गाडी भरायची असते, अंधारात ऊस बांधून डोक्यावरून ट्रॉलीपर्यंत न्यायचा असतो. त्याच्या मानेवर उसाच्या पाचटाने उठलेले बारीक ओरखडे असत. त्याच्या आधीच्या शाळेत पुस्तक कुठवर आले होते आणि आमच्याकडे ते कुठवर आले आहे यांत मोठी दरी होती. या मुलाला मी कोणत्या तोंडाने सांगू की बाळ, ध्येय ठरव, वेळापत्रक कर आणि स्वतःच्या प्रगतीची नोंद ठेव? आत्मनियमनाची भाषा अशा मुलांच्या दारात गेली की तिची दोषारोपाची भाषा व्हायला वेळ लागत नाही. जे व्यवस्थेने द्यायला हवे ते मुलाने स्वतःच्या निर्धारातून उभे करावे, अशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते आणि या विषयावर बोलताना हे स्पष्ट म्हटले पाहिजे असेही वाटते.

तरीही त्याच मुलाने मला दुसरी बाजूही दाखवली. तो तासाला पेंगत असला तरी जागा असे तेव्हा अत्यंत नेमके प्रश्न विचारी. "मॅडम, हे एवढं मला येतं, इथनं पुढं नाही," असे तो पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून सांगे. इतर मुलांना "काय अडलं?" असे विचारले तर ती "सगळंच" किंवा "काहीच नाही" असे म्हणतात. आपल्या अज्ञानाची सीमा बोट ठेवून दाखवता येणे हे फार मोठे कौशल्य आहे, आणि दर सहा महिन्यांनी शाळा बदलावी लागल्यामुळे ते त्याला शिकावेच लागले होते. त्याला वेळ नव्हता, अभ्यासाला जागा नव्हती, परंतु जो थोडा वेळ मिळे तो कुठे लावायचा हे त्याला ठाऊक होते. रयत शिक्षण संस्थेची सुरुवात १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी झाली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी कष्ट करून शिकणारी मुले हाच तिचा पाया मानला. त्या परंपरेच्या परिसरात राहणाऱ्या आम्हा शिक्षकांना हा मुलगा ओळखीचा वाटायला हवा. त्याच्यातली ही जाण पुढे न्यायची तर त्याला आधी झोप, दिवा आणि बसायला जागा द्यावी लागेल.

त्या मुलीचे आकडे पाहिल्यानंतर मी नववीच्या वर्गात एक छोटी गोष्ट सुरू केली. घटक चाचणी लिहून झाली की पेपर जमा करण्याआधी प्रत्येकाने वेगळ्या कागदावर प्रत्येक प्रश्नात किती मिळतील याचा अंदाज लिहायचा आणि पेपर हातात आला की शेजारी खरा आकडा लिहायचा. पहिल्यांदा फारच उत्साह होता. ज्यांना कमी येत होते त्यांचे अंदाज खूप चढे निघाले, आणि जी मुले हुशार समजली जातात त्यांनी स्वतःला किंचित कमीच लेखले. क्रुगर आणि डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये जे दाखवून दिले होते तेच माझ्या वर्गात दिसले. परंतु लवकरच त्यातले चैतन्य ओसरू लागले. काही मुले शेजाऱ्याच्या अंदाजाकडे पाहून आपला लिहू लागली. एका मुलाने लिहिणेच बंद केले, विचारल्यावर कळले की वडिलांनी कागद पाहिला होता आणि "तुला स्वतःलाच तीन मिळतील असं वाटतं?" असे म्हणून ते रागावले होते. मी ते कागद गोळा करत होते आणि त्यामुळे तो अंदाजही शिक्षकाला दाखवायचा आणखी एक आकडा होऊन बसला होता. म्हणून मी कागद गोळा करणे थांबवले. आता ते त्यांच्याच वहीच्या शेवटच्या पानावर असतात आणि मी ते पाहत नाही. त्यामुळे कोण लिहिते आणि कोण लिहीत नाही हे मला कळत नाही, आणि तपासणीची सवय हाडीमाशी भिनलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे न कळणे जड जाते. अधूनमधून एखादे मूल आपण होऊन येते आणि विचारते, "मॅडम, मला इथं चार वाटले होते, दोनच का?" हा प्रश्न बेरीज तपासणाऱ्या प्रश्नाहून वेगळा आहे. त्याचे उत्तर देताना मलाही माझे गुणदान नव्याने पाहावे लागते, आणि एखाद्या वेळी तिसरा गुण द्यावाही लागतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रगतिपत्रकात विद्यार्थ्याचे स्वतःचे आणि सहाध्याय्यांनी केलेले मूल्यमापनही असावे असे म्हटले आहे. हेतू चांगला आहे, आणि तो कागदावर उतरला याचे मला मनापासून समाधान आहे. पण रकाना आला की तो भरला जातो, हे शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. सगळ्या वर्गाने 'उत्तम' या शब्दावर खूण करून अर्ध्या तासात स्वमूल्यमापन उरकले तर त्यातून काही हाती लागणार नाही. स्वतःकडे खरेपणाने पाहायचे तर त्या पाहण्याची शिक्षा होणार नाही याची मुलाला खात्री हवी. "मला हे येत नाही" असे लिहिणाऱ्या मुलाचे गुण, मान आणि घरातली शांतता यांतले काहीही जाता कामा नये. ही खात्री शासननिर्णयाने देता येणार नाही. ती वर्गातल्या शिक्षकाने आणि स्वयंपाकघरातल्या आईने रोजच्या बोलण्यातून द्यायची आहे, आणि "अभ्यास झाला का?" याऐवजी "आज कुठे अडलं?" असे विचारण्याला आईने विज्ञान शिकलेले असण्याची गरज नाही. गेल्या पालकसभेत मी एवढेच सांगितले. एका आईने विचारले, "अडलं म्हणाला तर आम्ही काय करायचं?" मी म्हटले, काही करू नका, फक्त ते त्याला लिहून ठेवायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर सुटलं का ते विचारा.

यंदाचा हंगाम जवळ आला आहे. मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेची खोली संध्याकाळी उघडी ठेवायला संमती दिली आहे. तिथे कुणी शिकवणार नाही. मुलांनी आपापले काय करायचे ते येताना ठरवून यायचे आणि जाताना काय झाले ते आपल्या वहीत लिहायचे. किल्ली कोणाकडे राहील हे दहावीच्या मुलांनी आपसांत ठरवले आहे. बीडचा तो मुलगा या वर्षीही आला तर यंदा दहावीत असेल. त्याला कुठून सुरुवात करायची हे मी सांगणार नाही, पुस्तकातल्या ओळीवर तो बोट ठेवील तिथूनच सुरू करू. अडचण एवढीच आहे की कोप्या गावाबाहेर आहेत, हिवाळ्यात अंधार लवकर पडतो आणि त्या रस्त्यावर रात्री भरलेल्या ट्रॉल्यांची रांग असते. त्याला तिथवर सुखरूप कोण पोचवील, हे या आठवड्याच्या शिक्षकसभेत ठरवायचे आहे.